कुनिजोला कुणी गाडी देईना

कुनिजो कमरेपर्यंत गाडीखाली शिरला होता आणि बोटांच्या पेरांनी पत्रा ठोकून बघत होता. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीला आधी खालून खातं. वरचा रंग बघून जुनी गाडी घेणारा माणूस पहिल्याच हिवाळ्यात कपाळाला हात लावतो. हा पत्रा मात्र सगळीकडे सारखा वाजत होता. कुनिजो सरपटत बाहेर आला आणि गुडघे झटकत उभा राहिला.

"चांगली आहे," तो म्हणाला.

"कसली चांगली, काका," गॅरेजवाला होरिगोमे म्हणाला. "गिअरबॉक्स खलास आहे तिचा."

"काल तर तू तिच्यातून लाकडं नेलीस."

"कालच गेला."

"संध्याकाळी माझ्या दारावरून चढ चढलास. फोर बाय फोरमध्ये होती गाडी, आवाज ऐकला मी."

"त्यानंतर गेला," असं म्हणून होरिगोमे चहा टाकायला आत पळाला.

कुनिजो गाडीकडे बघत राहिला. परवापर्यंत तिच्या काचेवर 'विकणे आहे' असा कागद होता. आता तिथं चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे उरले होते. गाडी जुनी, लहान, चारही चाकांनी ओढणारी. दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नव्हतं, पण दाराशी काय करायचंय. त्याला फक्त खिंड ओलांडायची होती.

होरिगोमेनं चहा आणला आणि सोबत जांभळ्या कागदात गुंडाळलेला एक मऊ उंडा. आत गोड पुरण, वर अर्धा अक्रोड. गॅरेजात एरवी खारे दाणे मिळतात.

"आज काय विशेष?" कुनिजोनं विचारलं.

"काही नाही. खा ना," होरिगोमे म्हणाला. तो सारखा गॅरेजच्या दाराकडे बघत होता, जणू कुणी येऊन त्याला सोडवणार होतं.

कुनिजोनं उंडा खाल्ला. चांगला होता. पण घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते त्याला कळेना.

गाडी त्याला कशाला हवी हे साऱ्या गावाला माहीत होतं. उन्हाळ्यात त्याची बायको इसोए न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण इथल्या, कुराउचीतल्या घराच्या पायऱ्या तिला झेपेनात, म्हणून खिंडीपलीकडे, हिरासेच्या शुश्रूषागृहात तिला ठेवलं होतं. कुनिजो एक दिवसाआड बसनं तिच्याकडे जायचा. डिसेंबर लागला की खिंडीतली बस बंद होते. रस्ता मोकळा ठेवायला बर्फ सारणारं यंत्र फिरतं, पण त्या वळणांवर फोर बाय फोरनंच जावं, साध्या गाडीचं ते काम नाही. कुनिजोची जुनी व्हॅन गेल्या हिवाळ्यात एका वळणावर घसरून बर्फाच्या भिंतीत घुसली होती. यंत्रवाले येईपर्यंत तो आत बसून राहिला. व्हॅन भंगारात गेली. घरी आल्यावर त्यानं ती सगळी हकिकत इसोएला हसत हसत सांगितली होती.

आणि घर सोडून हिरासेतच राहावं, तर छपराचं काय? आमच्या खोऱ्यात एका रात्रीत कमरेएवढा बर्फ पडतो. आठवडाभर छप्पर मोकळं केलं नाही तर तुळया करकरायला लागतात, आणि एकदा तुळई बसली की घरच बसतं. म्हणजे सकाळी छपरावर आणि दुपारी इसोएकडे, असंच जमवायला हवं होतं. त्यासाठी गाडी हवी. ती स्वस्त असली पाहिजे आणि दोन-चार हिवाळे टिकली पाहिजे. मागणं काही मोठं नव्हतं.

मठातले महाराज गेली तीन वर्षं आपली जुनी उंच जीप कुणाच्या तरी गळ्यात मारायला बघत होते. श्राद्धाला आलेल्या लोकांनासुद्धा त्यांनी ती दाखवून झाली होती. कुनिजो दारात दिसताच त्यांचा चेहरा पडला.

"जीप ना," ते म्हणाले. "तिच्यात मांजर व्यायलंय हो."

"मांजर?"

"मागच्या सीटवर. आता पिल्लांना हलवायचं म्हणजे पाप."

कुनिजो मठामागे जाऊन जीपमध्ये डोकावून आला. सीटवर एक छत्री होती.

"महाराज, मांजर नाही तिथं."

"बाहेर गेलं असेल."

"पिल्लांना घेऊन?"

"आई आहे ती," महाराज गंभीरपणे म्हणाले. "बसा, चहा घ्या."

चहाबरोबर जांभळ्या कागदातला उंडा आला. वर अर्धा अक्रोड. कुनिजोनं तो हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. महाराजांनी नजर बुद्धाकडे वळवली आणि यंदा बर्फ लवकर पडेल असं काहीतरी बोलले.

मठाच्या पायऱ्या उतरताना कुनिजोच्या डोक्यात गोंधळ माजला होता. त्यानं गावात कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. कुणाचं देणं बाकी नव्हतं. होरिगोमेच्या बापाचं छप्पर त्यानं स्वतः कितीदा मोकळं करून दिलं होतं. मग ही माणसं अशी चोरासारखी का वागत होती? आपण म्हातारे दिसायला लागलो का, की आपल्याविषयी कुणी काही बोललंय? घरी जाऊन आरशात बघावं असंही त्याच्या मनात आलं. पण वाटेवर उमेयोचं घर लागलं आणि तो तिथंच वळला.

उमेयो ही त्याच्या मित्राची विधवा. मित्राचा छोटा ट्रक शेडमध्ये ताडपत्रीखाली उभा होता. फोर बाय फोर, आणि मित्र जिवंत असताना त्यानं तो पोटच्या पोरासारखा पुसून ठेवलेला. ऑगस्टात पितरांच्या सणाला तिनंच म्हटलं होतं, भावजी, घेऊन टाका, नुसता जागा अडवतोय.

"वहिनी, ट्रक नेतो मी," कुनिजो ओट्यावर बसत म्हणाला. "तुम्ही सांगाल ती किंमत."

उमेयोनं भाजी परतायची थांबवली. "त्यांची आठवण आहे ती," ती म्हणाली.

"ऑगस्टात तर म्हणालात की जागा अडवतोय."

"ऑगस्टात आठवण कमी येत होती."

कुनिजोनं मान डोलावली. मित्राची बायको, मित्राचा ट्रक. तिला तो ठेवावासा वाटला तर तिचं चुकलं असं कोण म्हणेल? तो उठला तेवढ्यात उमेयोनं चहा पुढं केला, आणि बशीत जांभळा कागद.

कुनिजो पुन्हा बसला.

आमच्याकडे रीत आहे. कुणाकडे काही मागायला जायचं तर आधी खाऊचा डबा घेऊन जायचं. घर बांधायचं असेल, आवाज होणार असेल, कुणाची परवानगी हवी असेल, तर डबा आधी आणि शब्द नंतर. डबा घेतला की तोंड बांधलं जातं. तीन घरांत एकच खाऊ म्हणजे तीन घरांची तोंडं एकाच माणसानं बांधली होती. आणि तो माणूस कोण, हे कुनिजोला तत्क्षणी कळलं. सेन्दाईत राहणारा त्याचा मुलगा मासामिची. वय झालं, लायसन परत करा, बाबा, असं तोच फोनवर म्हणत आला होता.

"वहिनी, तुमचा फोन वापरतो," तो म्हणाला.

उमेयो किटलीकडे वळली.

"तू गावात खाऊ वाटलास?" फोन उचलला गेल्या गेल्या कुनिजो म्हणाला.

"कोण, बाबा? कसला खाऊ?"

"अक्रोडाचा. मला कुणी गाडी विकू नये म्हणून."

मासामिची म्हणाला, "बाबा, पितरांच्या सणानंतर मी तिकडे आलोच नाहीये. लायसन परत करा म्हणायचो, पण तुम्ही ऐकेनात तेव्हा गाडीला हो म्हटलं. बर्फाचे टायर मी पाठवतो म्हणालो होतो. माप सांगा, माप सांगा म्हणून दोनदा फोन केला."

ते खरंच होतं. कुनिजो विसरला होता.

"मला विचाराल तर अजूनही म्हणेन, हिरासेत पुलाजवळ नगरपालिकेच्या हिवाळी खोल्या आहेत. डोंगरातले म्हातारे राहतातच की तिथं वसंतापर्यंत. पण तुम्ही काय, छपराचे कैवारी."

"ठेवतो," कुनिजो म्हणाला आणि फोन ठेवला.

आता तर त्याला काहीच सुधरेना. मुलगा खोटं बोलणारा नव्हता. मग कोण? तो वळला तेव्हा उमेयो किटलीचं झाकण लावायचा प्रयत्न करत होती आणि ते बसत नव्हतं.

"मासामिचीनं नाही, भावजी," ती म्हणाली. "मी वाटला."

"तुम्ही?"

"इसोएनं सांगितलं म्हणून. मागच्या आठवड्यात तिला भेटायला गेले होते. तिनं उशीखालून पैसे काढून दिले, समोरच्या दुकानातून तीन डबे घे म्हणाली. एक होरिगोमेला, एक महाराजांना. मी म्हटलं, तिसरा कुणाला? म्हणाली, तुला. मी म्हटलं, अगं मी घरचीच, मला कसला डबा. तर म्हणते, तुला तर आधी हवा, तू सगळ्यांत मऊ आहेस."

कुनिजो बशीतल्या उंड्याकडे बघत राहिला.

"काय सांगायला सांगितलं होतं तिनं?"

"काही नाही. एवढंच म्हणाली, त्यांना गाडी मिळाली तर ते येतील."

"मग मी येऊ नये असं वाटतं तिला?"

उमेयोनं झाकण बाजूला ठेवलं. "त्या वळणाची गोष्ट तुम्ही तिला हसत सांगितलीत," ती म्हणाली. "ती हसली होती का, ते आठवून बघा."

कुनिजोनं आठवून बघितलं. त्याला फक्त स्वतःचंच हसणं आठवलं. मग तो म्हणाला, "पण मग तोच खाऊ मलाच कशाला वाढायचा? तिघांनीही?"

उमेयोला या प्रश्नाचाच धक्का बसला. "म्हणजे दारी आलेल्या माणसापुढं नुसता चहा ठेवायचा?"

दुसऱ्या दिवशी तो बसमध्ये बसला तेव्हा खिंडीच्या वरच्या अंगाला पांढरं दिसायला लागलं होतं. वाटभर त्यानं इसोएला सुनवायची वाक्यं तयार केली. माझ्या पाठीमागे गावभर डबे वाटतेस? मी काय लहान आहे? मला भेटायला येऊ द्यायचं की नाही हे तू कोण ठरवणार? राग त्याला खरोखरच आला होता. पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते काय याचा उलगडा त्याला होत नव्हता. एवढं मात्र त्यानं मोजून पाहिलं, की त्या तीन डब्यांनी त्याचा हिवाळा जितका अडवला होता तितकाच तिचाही अडवला होता. हे तिला ठाऊक नसेल असं कसं म्हणावं.

तो नेहमीच्या थांब्यावर उतरलाच नाही. एक थांबा पुढं, पुलापाशी उतरला, एका कचेरीत जाऊन आला आणि मग चालत शुश्रूषागृहात पोचला.

इसोए खिडकीशी बसून संत्रं सोलत होती. फोडीवरचा एकेक पांढरा धागा काढायची तिची सवय होती. त्यानं कोट काढला, स्टूल ओढलं.

"गाडी मिळाली?" तिनं मान वर न करता विचारलं.

सगळी वाक्यं त्याच्या जिभेवर होती. त्यानं तिच्या बोटांकडे बघितलं. धागा निघत नव्हता, ती तोच पुन्हा पुन्हा ओढत होती.

"नाही," तो म्हणाला. "होरिगोमेचा गिअरबॉक्स गेलाय. महाराजांच्या जीपमध्ये मांजर व्यायलंय."

"अरेरे," इसोए म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मग आता बस बंद होणार."

"रविवारपासून."

"म्हणजे आता एप्रिलातच."

"हं."

तिनं संत्रं मांडीवरच्या रुमालात ठेवलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकलींची शेड होती. तिची हनुवटी हलली आणि तिनं ती हातानं दाबून धरली. कुनिजोला वाटलं, आपण इतका वेळ कशाला लावतोय.

"मी खाली राहायला येतोय," तो म्हणाला. "पुलाजवळच्या खोल्यांत. नाव देऊन आलो."

इसोएनं वळून त्याच्याकडे बघितलं. त्याला वाटलं होतं ती खूश होईल, निदान नाही-नाही तरी म्हणेल. ती नुसती बघत राहिली, कुणी दुसराच माणूस स्टुलावर येऊन बसला असावा तशी.

"आणि छप्पर?"

"पडलं तर पडलं."

"माझी आई गेली तेव्हासुद्धा तुम्ही छपरावरून खाली आला नव्हता," इसोए म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. इतक्या वर्षांत ती हे कधी बोललीच नव्हती. कुनिजोला तो दिवस आठवला, फावडं आठवलं, आणि खाली अंगणात काळा किमोनो घालून एकटीच बसकडे निघालेली ती आठवली. तेव्हा त्यानं वरून हात केला होता. आपण समजूतदारपणे वागतोय असंच तेव्हा त्याला वाटलं होतं.

"नाही आलो," तो म्हणाला.

इसोएनं एक फोड त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती खाल्ली नाही, तशीच धरून बसला.

"त्या खोल्यांना पायऱ्या आहेत का हो?" तिनं विचारलं.

"नाहीत. सगळ्या खालीच आहेत."

"आणि एका खोलीत दोघांना राहू देतात?"

कुनिजो तिच्याकडे बघत राहिला. कचेरीत त्यानं शेगडीचं विचारलं होतं, अंथरुणाचं विचारलं होतं, किल्ली कधी मिळेल तेही विचारलं होतं.

"ते विचारलंच नाही," तो म्हणाला.

"मग जा की," इसोए म्हणाली. "पाचला बंद होते ती कचेरी."