गिरिजक्कांची तारीख आणि माझा हेवा

मित्रांनो, मी एक जुनी कॅशे आहे. कुंदापूरच्या बस स्टँडमागे जयकर पुजारींचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या संगणकात माझं घर. तुम्ही एखादं संकेतस्थळ उघडलंत की त्याच्या पानाची प्रत मी जपून ठेवते. पुन्हा मागितलंत की तीच झटकन पुढे करते.

जयकर गिऱ्हाइकांना सांगत, "लाइन रखडली तरी आपलं मशीन कसं पळतं बघा!" कष्ट माझे आणि कौतुक मशीनचं, याचाही मला राग येई. मी मुळातच हेवेखोर.

माझं सगळ्यांत लाडकं पान एका यक्षगान मेळ्याचं, म्हणजे रात्रभर खेळ करणाऱ्या नाटकमंडळीचं होतं. त्यावर नवसाच्या खेळांच्या तारखा असत. गिरिजक्कांच्या सासूबाईंनी नातीच्या आजारपणात दारात असा खेळ करवायचा नवस बोलला होता. नंबर लागायला बारा वर्षं गेली, आणि सासूबाई शहाऐंशीच्या झाल्या. शेवटी चौदा फेब्रुवारी मिळाली. तेव्हापासून गिरिजक्का दर आठवड्याला येऊन ती तारीख बघत आणि पडद्याला हात जोडत. ते हात मलाच जोडलेत, असं मी समजत होते.

मग मेळ्याने तारखा बदलल्या आणि नवं पान चढवलं, लाल अक्षरं मिरवणारं! कालचं आलेलं ते पान माझ्या अक्कांचा नमस्कार घेणार? माझ्या पोटात दुखू लागलं. मी त्याला दारातच अडवलं. अक्का आल्या की मी जुनंच पान दाखवी, आणि त्या निश्चिंत घरी जात.

एका सकाळी शेजारच्या वनजाने अक्कांना ओढतच दुकानात आणलं.

"जयकरण्णा, हिला सांगा हो! माझ्या मोबाइलवर चार तारीख दिसतेय. आज एक!"

"तुझा मोबाइल बिघडलाय गं," अक्का म्हणाल्या. "मी परवाच इथे चौदा बघितलीय."

जयकरांनी पान उघडलं. मी हट्टाने चौदा दाखवली.

"बघ गं मारायती, आमचं मशीन खोटं बोलत नाही!"

"मशीनची आरती नंतर ओवाळा!" वनजा कडाडली. "दारात मांडव नाही, गावाला आमंत्रण नाही. हा नंबर हुकला तर पुन्हा बारा वर्षं. म्हातारी थांबणार आहे का तोवर?"

अक्का स्टुलावर बसून बोटांवर दिवस मोजू लागल्या. जयकरांचा चेहरा उतरला. त्यांनी सेटिंग्ज उघडली आणि मला पार रिकामं केलं. इतकी वर्षं जपलेली पानं क्षणात गेली. ते लाल अक्षरांचं पान ऐटीत आत आलं. चार फेब्रुवारी.

"तीन दिवस आहेत ना अजून?" अक्का डोळे पुसत उठल्या. "वनजा, तू आमंत्रणांचं बघ. मी मांडववाल्याला गाठते."

जाता जाता त्यांनी पडद्याला हात जोडले. त्या नव्या पानाला, अगदी तसेच. मला ते फार लागलं.

खेळ झाला. म्हातारी पहाटेपर्यंत खुर्चीतून हलली नाही, असं जयकर येईल त्याला सांगतात. ते ऐकून मला माझीच लाज वाटते. मित्रांनो, एखादं पान जुनं वाटलं तर मला खुशाल रिकामं करा. माझी दया करू नका, कारण मी आपणहून जागा सोडणारी नाही. ते लाल अक्षरांचं पान आता माझ्याकडेच आहे. मेळ्याने त्याच्याहून नवं पान चढवलंय म्हणे. येऊ तर दे!