खारी मुंडकी

"फवारणी चालू आहे, आजी. आत सोडता येणार नाही. मुंडकी इथेच ठेवा," असं म्हणत धर्मेशने निवाऱ्याचं फाटक अर्धं लोटून घेतलं.

शकूबायने कमरेवरची खाऱ्या माशांच्या मुंडक्यांची बादली काही खाली ठेवली नाही. "मुंडकी टाकायला रिक्षावाला केतन येतोय दर बाजाराला. मी माझी शिंगाळी न्यायला आलेय."

"कोण?"

"कुत्री. मिशा हायत तिला, शिंगाळी माशासारख्या. तुला पण हायत, पण तिला शोभतात."

धर्मेशचा हात आपसूक मिशीकडे गेला. सरावलीच्या पुढे, कारखान्यांच्या पाठीमागे असलेल्या या सरकारी श्वान निवाऱ्याचा तो व्यवस्थापक. लोकांनी साहेब म्हटलेलं त्याला आवडायचं. नवापूरच्या शकूबायला मात्र कुणाला साहेब म्हणायची सवय नव्हती. नवरा होडीसकट गेला तेव्हापासून घर, तीन मुलगे आणि मासळी सुकवायचं अख्खं मैदान तिने जिभेच्या धाकावर चालवलं होतं. शाळेत ती एक पावसाळाभर गेली होती. तिथूनही मास्तरांना उलट बोलून परत आली.

आणि कुत्र्यांची गाडी गावात आणवली होती तीही तिनेच. किनाऱ्यावर कुत्री बेसुमार वाढली, वाळत घातलेल्या मासळीवर लोळायला लागली, तेव्हा "यांची ऑपरेशनं करा आणि होती तिथं आणून सोडा" असं तिने पंचायतीत जाऊन ठणकावलं. गाडी आली तशी कुत्री सैरावैरा पळाली. माणसांनी जाळी टाकून निम्मी धरली. शिंगाळीला मात्र कुणाला धरावं लागलं नाही. शकूबायने हाक मारली, हातात खाऱ्या माशाचं मुंडकं धरलं, आणि ते खात खात ती आपल्या पायाने पिंजऱ्यात चढली. आठवड्यात परत आणू म्हणाले. त्यानंतर गणपती गेले, दसरा गेला. विचारावं तर कधी डॉक्टर नाही, कधी गाडी नाही. निदान पोटाला तरी मिळो म्हणून शकूबाय मुंडकी पाठवत राहिली, सासरी गेलेल्या पोरीला खाऊ पाठवावा तशी.

"फवारणी चाललेय म्हणतोस, मग वास कुठाय?" तिने नाक वर केलं. "आणि एवढी कुत्री आत असून एक भुंकत कसं नाय?"

धर्मेश उत्तर जुळवत होता तेवढ्यात तिने बादलीच पुढे करून फाटक ढकललं, आणि आत गेली.

आत गेली आणि थांबली.

दोन्ही बाजूंना जाळीचे कप्पे होते. कप्प्यांत कुत्री पडली होती. माणूस आला तरी एकानेही मान उचलली नाही. सिमेंटच्या हौदांत वाळकी पानं. फरशीवर तिनेच पाठवलेल्या मुंडक्यांचे ढीग, अर्धे चघळलेले, मिठाने पांढरे पडलेले. एका कप्प्यात पिवळं कुत्रं भिंतीतली गंजकी तोटी चाटत होतं. तोटीतून काही येत नव्हतं. कुत्रं चाटत होतं.

"पाणी?" शकूबायच्या तोंडून एवढंच निघालं.

झाडू धरून उभा असलेला बुधा, डोंगराकडच्या पाड्यावरून इथे कामाला येणारा, खाली बघत म्हणाला, "मोटर जळली, आजी. गणपतीत. दुपारला मी एक डबा फिरवतो. जो पुढं येल तो पितो."

"आणि खायला?"

"आधी भात होता. तुमची मुंडकी यायला लागली तसा भात बंद केला. साहेब बोलले, फुकट येतंय तेच घाल."

शकूबायने जाळी धरली. कुत्र्याला पाणी पाजावं लागतं, हे नवापुरात कुणाच्या ध्यानातही आलेलं नव्हतं. होड्या लागल्या की मासळीच्या पेट्यांतला बर्फ वितळतो आणि ओट्याखालच्या चरातून दिवसभर पाणी वाहतं. खारं खाल्लेलं कुत्रं तिथे तोंड घालतं नि तहान भागवतं. कुत्रं खारं आवडीने खातं, एवढंच तिने जन्मभर पाहिलं होतं. त्याच भरवशावर ती दर बाजाराला यांच्यासाठी बादलीभर तहानच पाठवत होती.

"आमच्या गावची कुठायत?"

बुधाने शेवटच्या कप्प्याकडे बोट केलं. तिथे फक्त तीन होती.

"बाकीची?"

बुधाने कुंपणामागे पाहिलं. शकूबायनेही पाहिलं. तिथली माती उकरून पुन्हा लोटलेली होती, आणि तिच्यावर अजून गवत उगवलं नव्हतं.

तीन कुत्र्यांतली एक शिंगाळी होती. फासळ्या मोजाव्यात अशी, पण मिशा त्याच. "शिंगाळे," तिने हाक मारली. कुत्रीचे कान हलले. ती उठली, धडपडत जाळीपाशी आली. शेपूटसुद्धा हललं. शकूबायने जाळीतून हात आत घातला. शिंगाळीने हात हुंगला, आणि झटकन मागे सरली. भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरली.

शकूबायने हात बाहेर काढून आपल्या नाकाशी नेला. मग ती वळली.

"तुझ्या वरच्याला बोलव," ती धर्मेशला म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि त्यानेच तो दचकला. "नायतर मी किनाऱ्यावरच्या बायका बोलवते. त्यांच्यात मी सगळ्यात गोड बोलणारी हाय."

दुपारी भाविका मॅडम आल्या. जनावरांच्या डॉक्टर, सरकारी अधिकारी, निवाऱ्यावर देखरेख त्यांची. त्या कप्प्यांसमोरून चालत गेल्या तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मला दर महिन्याला फोटो येतात," त्या म्हणाल्या. "हौद भरलेले असतात त्यात."

"फोटोच्या दिवशी भरतो ना, मॅडम," बुधा म्हणाला. "हापिसच्या टाकीतून."

"तू कधी आली होतीस बघायला?" शकूबायने विचारलं. मॅडमच्या आधी धर्मेशच ऑफिसातली खुर्ची पुढे करत बोलायला लागला, "मोटरचा प्रस्ताव पाठवलाय, मॅडम. मंजुरी आली की लगेच. आणि तसं बघितलं तर कुत्र्यांना एवढं पाणी लागत नाही."

शकूबायने बादलीतून एक मुंडकं काढून त्याच्यापुढे धरलं. "लागत नाय? खा."

"मी शाकाहारी आहे."

तिने मुंडकं परत टाकलं, बादलीचा तळ खरवडला आणि चिमूटभर जाडं मीठ त्याच्या तळहातावर ठेवलं. "मीठ शाकाहारीच हाय. चाट."

तो हसला. मॅडम हसल्या नाहीत. "घ्या, धर्मेश," त्या म्हणाल्या.

त्याने मीठ जिभेवर ठेवलं. तोंड वाकडं झालं, आणि दुसरा हात न बघताच टेबलावरच्या बाटलीकडे गेला. बाटलीच्या झाकणावर शकूबायचा तळवा आधीच होता.

"थांब की," ती म्हणाली. "प्रस्ताव मंजूर होऊ दे."

मॅडमनी त्याच्याकडून किल्ल्या घेतल्या. टँकर मागवला. ऑफिसची टाकी आज कोरडी होती, म्हणून टँकर येईपर्यंत ऑफिसातला पिण्याच्या पाण्याचा जार बुधा आणि मॅडम दोघांनी मिळून शेवटच्या कप्प्यातल्या हौदात उपडा केला. कुत्र्यांच्या जिभांचा आवाज सुरू झाला. एवढ्या वेळात जनावरांचा तो पहिला आवाज.

"मी चौकशी लावते, आजी. लेखी."

"लाव. पण मी दर बाजाराला येणार. मुंडकी घेऊन नाय, रिकाम्या हाताने. हौदात हात घालून बघणार पाणी हाय का. आणि मागं कुंपणाकडं पण जाणार."

केतनच्या रिक्षात शिंगाळी पायाशी बसून आली. नवापुरात उतरताच ओट्याखालच्या चरापाशी गेली आणि इतका वेळ पीत राहिली की सून दीपा म्हणाली, "आये, हिला झालंय तरी काय?"

शकूबाय उत्तर न देता मोरीपाशी बसली होती. राखेने हात घासले, साबणाने घासले, लिंबू कापून बोटांच्या बेचक्यांतून फिरवलं. तिचे हात बाजारात लांबून वासावर ओळखू येत, आणि त्याचा तिला तोरा होता.

"किती घासता, आये? सोलून निघतील."

तिने साधा भात कालवला, मिठाचा कणही न घालता, आणि हातावर घेऊन अंगणात गेली. शिंगाळी चार पावलं पुढे आली, हुंगलं, आणि थांबली.

शकूबायने भात केळीच्या पानावर ठेवला. मागे सरत, सरत ती होडीच्या सावलीत जाऊन बसली आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. शिंगाळी बराच वेळ त्या पदराकडे बघत राहिली. तो हलत नाही असं दिसलं, तेव्हा कुठे ती खायला पुढे झाली.