बटण बंद, तरी उजेड

माझे बाबा वायरमन. चाळीस वर्षांत एक जोड चुकला नाही म्हणून लोक त्यांना अचूकराव म्हणायचे, आणि ते नाव त्यांच्या डोक्यातही गेलं होतं. मीही वायरमनच. कसब त्यांचं, तापट डोकंही त्यांचंच.

त्या दुपारी मी आईच्या कोठीच्या खोलीतला जुना पिवळा बल्ब काढून एलईडी लावला. खोलीला खिडकी नाही, दार लोटलं की मिट्ट काळोख. बटण बंद केलं, तर बल्ब पुरता विझेचना. आत मिणमिणतं काहीतरी उरलंच.

"अगं बाई, हा तर झोपतच नाही!" आई म्हणाली.

"हलका माल! बदलून आण," बाबा खुर्चीवरून गरजले.

बदलून आणला. तोही तसाच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बल्ब काढला, बटण बंदच ठेवलं आणि होल्डरच्या पिनेला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

बटणाने फेजची, म्हणजे वीज आणणारी तार तोडायची असते. इथे न्यूट्रलची, परतीची तुटत होती. म्हणजे बटण बंद केलं तरी वीज होल्डरपर्यंत येऊन उभीच, इतकी वर्षं! जुन्या बल्बची तार तापून लाल झाल्याशिवाय उजेड देत नाही, म्हणून तो गप्प राहिला. एलईडीत तापवायचं काही नसतंच. आतल्या पिवळ्या ठिपक्यांत, डोळ्यांना न दिसणारे कण एका थरातून दुसऱ्या थरात उतरतात आणि उतरता उतरता उजेड सांडतात. बस्स. त्याला तारांमधून झिरपलेली एवढीशी वीजही पुरते. रोज असे ढीगभर बल्ब लावते मी, पण त्या क्षणी अंगावर काटा आला. एवढंसं ते, आणि जे कोणाला दिसलं नाही ते त्यानं दाखवलं.

मग आठवलं, आई दर आठवड्याला हाच पितळी होल्डर ओल्या फडक्याने पुसते. ओलं फडकं, आणि आत पिनेत वीज.

"बाबा, जरा इकडे या."

त्यांनी माझ्या हातातला टेस्टर घेतला. स्वतः लावून पाहिला. पुन्हा पाहिला. "सगळ्या तारा एकाच रंगाच्या होत्या तेव्हा," ते हळूच म्हणाले. "घाईत होतो. तू जन्मलीस त्या आठवड्यात केलं हे काम."

"मी बटण बंद करूनच पुसते हो," आई म्हणाली. "या स्टुलावर चढून. आजही सकाळी पुसला."

स्टूल लाकडी होतं. कोरडं, जाड लाकूड, त्यातून वीज जमिनीत उतरत नाही. बाबा त्याच्याकडे बघतच राहिले.

मी मेन स्विच पाडला, या खोलीकडे येणाऱ्या दोन तारांची अदलाबदल केली, एलईडी परत लावला. मेन चालू, बटण बंद. आता आत ठार काळोख.

"बरं वाटत होतं गं ते मिणमिणतं," आई म्हणाली.

मी बटण दाबलं. लख्ख उजेडात पाहिलं, तर बाबांनी आईचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता आणि तिची बोटं एकेक करून तपासत होते.

"अहो, पोरीसमोर काय हे!" आई लाजून म्हणाली.

बाबांनी हात सोडला नाही.