टकल्या सम्राटाचं नाक

शिपायांनी बंड तर केलं, पण नवा सम्राट कोण, हे ठरवायचंच विसरले. घ्या! मग जहाजांवरून किनाऱ्यावर उतरून जो पहिला समोर आला तोच धरायचा, असं ठरलं. समोर आला पांक्राती, मासळीचा खारा रस मुरवून विकणारा. बिचारा डोंगरात पळाला, पण अंगाच्या वासावरून लगेच सापडला. शिपायांनी त्याला ढालीवर बसवून जयजयकार केला आणि कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर नेऊन आदळला.

गादीचं त्याला कसलं कौतुक! जांभळे शाही जोडे चावायचे, मुकुट टकलावरून घसरायचा. पण खरी काळजी होती नाकाची. आमच्याकडे उतरवलेल्या सम्राटाचं नाक कापतात, म्हणजे मेला पुन्हा गादी मागायला नको. आणि पांक्रातीचं तर पोटच नाकावर. कुठल्या रांजणातला रस मुरला, हे तो हुंगून ओळखायचा.

थंडी सरली आणि सेनापती वार्दास फौज घेऊन राजधानीत घुसला.

"तरी म्हणत होते, त्या दिवशी किनाऱ्यावर जाऊ नका!" बायको ग्लिकेरिया कडाडली. "आता रडताय काय? साधू व्हा! साधूच्या नाकाला कोणी हात लावत नाही."

धर्मगुरू कात्री घेऊन धावत आला. साधू करायचा म्हणजे डोक्यावरचे केस चार जागी कापायचे. त्याने मुकुट उचलला. खाली सगळं गुळगुळीत.

"कापू काय, कपाळ?"

"दाढी कापा की!" पांक्राती रडकुंडीला आला.

"दाढी चालत नाही. डोक्याचेच केस हवेत."

बाहेर दार फोडायला सुरुवात झाली होती.

"नाक कुठे असतं हो?" ग्लिकेरियाने विचारलं. "डोक्यालाच ना? मग आत बघा, झुडूप माजलंय नुसतं!"

धर्मगुरूने खूप आठवून पाहिलं, पण तसं करू नये असं कुठे लिहिलेलं आठवेना. त्याने कात्री घातली. पांक्राती सणसणीत शिंकला आणि साधू झाला.

वार्दास सुरा परजत आत आला. झाला प्रकार ऐकला आणि हसता हसता जमिनीवरच बसला. "जा बाबा, जा! ने तुझं नाक!"

"चल गं, घरी," पांक्राती आनंदाने म्हणाला.

धर्मगुरू खाकरला. "साधूला घर नसतं. बायकोही नसते."

हे काय दोघांना माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. भीतीने कुणाला सुचलंच नाही.

"अगं, पण मी नाक घरासाठीच वाचवलं ना!" पांक्राती म्हणाला आणि धाय मोकलून रडू लागला.

ग्लिकेरियाने डोक्याचा रुमाल सोडला आणि सगळ्या फौजेदेखत त्याचं नाक पुसलं. धर्मगुरू खिडकीबाहेर बघत राहिला.