माझा शेवटचा बिऱ्हाडकरू

मित्रांनो, मी एक जुना शंख आहे. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, दोन कपबश्यांच्या मधोमध, मखमलीच्या तुकड्यावर मला मांडले आहे. येणारे-जाणारे "वा, काय सुंदर आहे" म्हणतात. तेवढ्यापुरते तरी कोणी मला झाकून ठेवावे, असे मला वाटते.

समुद्राच्या तळाशी एका गोगलगाईने स्वतःच्या अंगातून, थरावर थर देत मला घडवले. घाई नाही, गाजावाजा नाही. बोलावणे आले तशी ती गेली. मला वाटले, आपले काम संपले. पण देणाऱ्याचा हिशेब वेगळा होता. लाटेने मला एका छोट्या बेटावर, झुकलेल्या माडांच्या सावलीत आणून टाकले आणि तिथे मला बिऱ्हाडकरू मिळाला, मऊ पाठीचा एक खेकडा. माणसे याच्या जातीला संन्यासी खेकडा म्हणतात म्हणे. सगळे घर पाठीवर घेऊन हिंडणारा हा कसला संन्यासी?

तो अंगाने वाढला की मोठ्या शंखात जाई. मागे रांगेत थांबलेला धाकटा माझ्यात येई. भांडण नाही, कुलूप नाही. असे कितीजण राहून गेले. शेवटचा मात्र फार भित्रा. नुसती सावली पडली तरी आत सरकून नांगीने दार लावून घेई.

मग ते कुटुंब आले. आई, बाबा, त्यांची लेक आणि बाबांची थोरली बहीण. सुट्टीत होडीने एकेक बेट बघत हिंडत होते. लेक सतत बोले म्हणून घरात तिला टिटवी म्हणत. आत्याला कोमट पाण्याशिवाय चालत नसे. तिचा थर्मास आणि स्टीलचा मग बेटाबेटांवर सोबत.

"ताई, पाण्यात उतरणार असशील तर आधी समुद्र कोमट करून देतो," बाबा म्हणाले.

"तू आधी पोट आत घे, मग फोटो काढून घे," आत्या म्हणाली.

दिवसभर त्यांनी शंख-शिंपले वेचले. मोठी पिशवी गच्च भरली. होडीवाला निघायची घाई करू लागला, तेव्हा मी टिटवीला दिसलो. दार वाजवल्याशिवाय कोणाच्या खोलीत शिरायचे नाही, असे तिला घरी शिकवले होते. तिने नखाने माझ्यावर टकटक केले.

"कोणी आहे का?"

माझा भित्रा आणखी आत सरकला. उत्तर आले नाही म्हणून तिने मला उचलले. थोड्या वेळाने तिच्या तळहाताला त्याचा पाय लागला.

"बाबा, यात कोणीतरी राहतं. मी ठेवून येते."

"थांब. असा शंख पुन्हा मिळायचा नाही. खेकडा राहील इथे, शंख आपण नेऊ. त्याला काय, दुसरा मिळेल."

बाबांनी आत्याच्या मगात थर्मासमधले पाणी ओतले आणि मला त्यात बुडवले.

"अरे, त्याच्या मऊ अंगाला हेसुद्धा भाजेल," आत्या म्हणाली.

"तू रोज हेच पितेस ना?"

तो तडफडत बाहेर आला. मित्रांनो, मला पुष्कळांनी सोडले होते, पण दुसरे घर बघून, आपल्या पायांनी. हा उघड्या पाठीने वाळूवर पडला. एका दगडापाशी गेला, मग ओंडक्यापाशी. शंख कुठून मिळणार? सगळे पिशवीत होते. टिटवीने पिशवी उपडी केली. त्याने एकेक चाचपला. कुठला लहान, कुठला फुटका. अखेर त्याला आईच्या मलमाच्या बाटलीचे, सकाळी हरवलेले निळे झाकण सापडले. तो त्यात शिरला. अर्धाच मावला.

"बाबा, दे ना त्याला परत."

"हे बघ, नवीन घर. निळं, शिवाय पाणीसुद्धा शिरत नाही," बाबा म्हणाले. कोणी हसले नाही. होडीवाल्याने पुन्हा हाक मारली. मी बाबांच्या खिशात होतो. पुढच्या सगळ्या बेटांवर टिटवी गप्पच राहिली.

त्यानंतर मी इथे आहे. आधी कौतुक झाले, मग धूळ बसली. माझे पोट पोकळ आहे आणि माझा बिऱ्हाडकरू झाकण घालून हिंडतो आहे, हिंडत असला तर. छप्पर असून मी कोणाच्या डोक्यावर नाही. याहून मोठी लाज शंखाला कोणती?

परवा शेजारची छोटी आली. बाबांनी नेहमीप्रमाणे कपाट उघडले, "हा मीच शोधला," म्हणाले. तिने माझ्यावर टकटक करून विचारले, "कोणी आहे का?"

टिटवी दारात उभी होती. बाबांची मान खाली गेली.

"होता एकजण," ते म्हणाले. "मी त्याला घराबाहेर काढलं."

टिटवी कपाटापाशी येऊन म्हणाली, "त्याला नाही मिळणार आता हा."

"माहीत आहे. दुसऱ्या कोणाला तरी मिळेल. सुट्टी लागली की बेटावर ठेवून येऊ या?"

टिटवीने मला मखमलीवरून उचलले आणि फडक्याने पुसायला घेतले. किनारा मला पुन्हा दिसेल की नाही, ते वर बसलेल्याला ठाऊक. पण तुमच्याकडे एकच मागणे आहे, मित्रांनो. दार वाजवल्यावर आतून उत्तर आले नाही, तरी घर रिकामे आहे असे समजू नका. आत कोणीतरी श्वास रोखून बसलेले असते.