नमुन्याच्या क्लिपा

विजेचा दिवा घरात आला की सगळे घर त्या दिव्याकडे बघत बसते. भिंतीवरून त्या दिव्यापर्यंत तार कशी आली, याची चौकशी कुणी करत नाही. ती बिचारी सागवानी पट्टीवर मुकाट्याने पडून असते. तिला तिथे धरून ठेवते ती पितळेची एक इवलीशी क्लिप. बोटाच्या दोन पेरांएवढी पातळ पट्टी, एका टोकाला भोक, दुसरे टोक जिभेसारखे निमुळते. खिळ्याने ती लाकडावर ठोकायची, तार आत बसवायची, जीभ भोकातून ओढून मागे दुमडायची की झाले. ही क्लिप मोडली तर कुणाला पत्ताही लागत नाही. पण तार लोंबकळू लागते, आणि लोंबकळणारी विजेची तार काय करू शकते हे सुजाण वाचकांना सांगायला नको.

चिंचवडचे रंगराव अशा क्लिपा बनवत. घरची शेती थोरल्या भावाकडे सोपवून त्यांनी काही वर्षे खडकीच्या कारखान्यात पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर काम केले होते. तिथली विद्या हाताशी घेऊन त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन हातप्रेस मांडले आणि चार माणसे कामाला ठेवली. साल छप्पन. पिंपरीला सरकारी कारखाना उभा राहिलेला, माळावर कामगारांच्या चाळी उठत होत्या आणि प्रत्येक चाळीला वीज हवी होती. म्हणजे क्लिपांच्या मागणीला तोटा नव्हता. तरी रंगरावांचा माल शेडमध्ये पडून राही आणि परदेशी क्लिप दुकानातून हातोहात जाई.

याचे कारण रंगरावांच्या मते एकच होते, मुंबईची गोदी. परदेशातून माल उतरला की सरकारी अंमलदार तो कोणत्या वर्गात बसतो ते ठरवतात आणि त्या वर्गाचा आयात कर लावतात. विजेच्या साहित्याला कर जास्त होता, कारण ते साहित्य देशात बनू लागले होते आणि त्याला आधार देण्याचे सरकारने ठरवले होते. पण ही क्लिप पडली पितळेची. त्यामुळे ती पट्ट्याचे बक्कल, झग्याचा हूक, पेटीची कडी असल्या किरकोळ पितळी मालात मोडे आणि नाममात्र कर भरून बाहेर पडे. रंगराव हे गाऱ्हाणे भेटेल त्याला ऐकवत. न्हाव्यापुढे डोके दिले तरी त्यांचे तोंड चालूच असे. न्हाव्याला आयात कराची इतकी माहिती झाली होती की वस्तरा ठेवून तो गोदीत नोकरीला लागला असता तरी निभावला असता.

आणि एके दिवशी खरोखरच बोलावणे आले. या किरकोळ पितळी मालाचे वर्ग तपासायला सरकारने एक चौकशी मंडळ नेमले होते. बनवणाऱ्यांनी मुंबईला येऊन आपले म्हणणे मांडावे, सोबत मालाचे नमुने आणावेत.

रंगरावांना आभाळ ठेंगणे झाले. त्यांचा मेहुणा अर्जुनराव वायरमन होता, पिंपरीच्या चाळींत आणि आसपासच्या गावांत वीज जोडण्याची कामे घेई. त्याला त्यांनी ताबडतोब घरी बोलावले.

"अर्जुनराव, तुमी माझ्यासंगं मुंबईला चला. बनवनारा मी आन् वापरनारे तुमी. आपली क्लिप बाहेरच्या मालाच्या तोडीची हाय, येवढं सांगायचं."

अर्जुनरावाने चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "दाजी, तुमची क्लिप मी आता वापरत न्हाई."

"का?"

"मोडती. जीभ दुमडली की घडीवर चीर जाती. त्या वक्ताला दिसत न्हाई, चार-सहा म्हैन्यांनी तुटून पडती. मागल्या पंधरवड्यात गावच्या दवाखान्यात बाळंतिणीच्या खोलीतली तार अशीच खाली आली. खाटंवर बाई आन् पोर निजलेलं. नशीब, त्या येळी लाईट गेलेली व्हती. नर्सबाईनं काठीनं तार बाजूला केली." तो दाजींकडे न बघता बोलत होता. "मी साक्षीला येतो. पर साहेबानं इचारलं तर खोटं सांगायला जीभ रेटायची न्हाई."

आतल्या दारात रंगरावांची बायको मंजुळाबाई उभी होती. तिने हे सगळे ऐकले.

अर्जुनराव गेल्यावर रंगरावांनी तिलाच समजावायला सुरुवात केली, जणू तक्रार तिची होती. पितळ प्रेसखाली दाबले गेले की कडक होते. ते पुन्हा तापवून मऊ करावे लागते. सुरुवातीला ते करत होते. पण त्याला कोळसा लागतो, वेळ जातो, दोन माणसे अडकतात. एकदा घाईच्या कामात ते टाळले, कुणी तक्रार केली नाही, मग पुन्हा टाळले आणि पुढे विसरूनच गेले.

"गिऱ्हाईक काय क्लिप वाकवून बघत न्हाई," ते म्हणाले. "आन् बाहेरचा माल सवंग हाय तवर मला भट्टी परवडत न्हाई. एकदा कर बसू दे, मग बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी प्रेसवरून उतरलेल्या ओंजळभर क्लिपा घरात आणल्या आणि मंजुळाबाईला म्हणाले, "ह्या लोखंडी डब्यात घाल, झाकन लाव आन् गोवऱ्यांच्या इस्तवात पुरून ठेव. डबा लाल झाला की बाहेर काढ. साहेबांना दाखवायच्या हायत."

मंजुळाबाईने चूल पेटवली. डबा निखाऱ्यांत पुरला, लाल झाल्यावर चिमट्याने ओढून निवत ठेवला. क्लिपा काळ्या पडल्या होत्या. तिने त्या घरची तांब्याभांडी घासावीत तशा चिंचेने घासल्या आणि लख्ख केल्या. मग एक क्लिप घेऊन वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली. क्लिप पानासारखी वळत होती. ती उठून शेडमध्ये गेली, विक्रीच्या पेटीतली एक उचलून आणली आणि तशीच वाकवली. दुसऱ्या खेपेला तिचे दोन तुकडे झाले.

रंगराव घरात आले तेव्हा तिने दोन्ही त्यांच्यापुढे ठेवल्या.

"आवं, ही कुनासाठी?"

"साहेबांसाठी."

"आन् ही?"

"ती इकायची."

बोलून झाल्यावर रंगरावांनाच ते कसेसे वाटले. पण पुरुषमाणूस, माघार कशी घेणार? ते म्हणाले, "नमुना समदेच चांगला देतात."

"देत असतील. पर मला एक सांगा, तुमचा हा कर बसला तर तो भरनार कोन?"

"बाहेरचा माल आननारा व्यापारी."

"तो पदरचं कशाला भरंल? किमतीतच घालंल न्हवं? मग तुमीबी किंमत वाढवाल. म्हंजी भरनार घर बांधनारा, शाळा बांधनारा, दवाखाना बांधनारा. त्या खाटंवरच्या बाईच्या नवऱ्यानंबी भरायचा. आन् येवढं भरून तिच्या डोक्यावर कोनती क्लिप बसवायची, तर ही." तिने मोडक्या तुकड्यांवर बोट ठेवले.

"अगं, कर न्हाई बसला तर शेड बंद पडंल. चार घरांची चूल हाय त्याच्यावर. आपलीबी."

"मी कुठं म्हनते कर मागू नका? मागा की. आंब्याचं रोप लावलं की आपन काटेरी कुंपन घालतोच. शेरडानं खाऊ नये म्हनून. पर कुंपन घातलं म्हनून पानी घालायचं सोडतो का? बाहेरचा माल अडला म्हंजी तुमची भट्टी आपसूक पेटनार हाय व्हय? आज गिऱ्हाईकाला दुसरी क्लिप मिळती, तर तुमी भट्टी पेटवत न्हाई. उद्या दुसरी मिळायचीच बंद झाली, तर कशाला पेटवाल?"

"तुला काय कळतंय आयातीतलं!"

"आयातीतलं न्हाई कळत. माझ्या चुलीत एका दुपारी झालं ते तुमच्या शेडात का व्हत न्हाई, येवढंच इचारते."

रंगराव ताडकन उठून बाहेर गेले.

मुंबईला निघायच्या दिवशी मंजुळाबाईने पिशवी भरून त्यांच्या हातात दिली. "आत दोन पुडकी हायत," ती सरळ म्हणाली. "निळ्या कागदातली चुलीतली. पांढऱ्या कागदातली इक्रीच्या पेटीतली. म्या काय लपवत न्हाई. कोनतं काढायचं ते तुमी ठरवा."

मंडळाचे अध्यक्ष उतारवयाचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. लांब टेबलाच्या एका बाजूला परदेशी मालाच्या व्यापाऱ्याचा प्रतिनिधी बसला होता, कोटबीट घालून. अर्जुनराव मागच्या बाकावर बसला. रंगराव उभे राहिले आणि इतक्या वर्षांचे गाऱ्हाणे त्यांनी मांडले. न्हाव्यापुढची तालीम कामी आली, ते कुठे अडखळले नाहीत.

"साहेब, बक्कल मान्साच्या पट्ट्याला लागतं, हूक झग्याला लागतो. ही क्लिप इजेच्या तारेबिगर कशालाच लागत न्हाई. मग ती बक्कलाच्या पंगतीत का? पितळेची हाय म्हनून?"

अध्यक्षांनी मान हलवली. "म्हणजे वस्तू कशाची आहे ते न बघता ती काय काम करते ते बघून तिचा वर्ग ठरवावा, असे तुमचे म्हणणे."

"व्हय साहेब."

"म्हणणे रास्त आहे. ती विजेची तार धरून ठेवते म्हणून विजेच्या साहित्यात घ्यायची. मग धरून ठेवते का, ते बघू. द्या नमुना."

रंगरावांचा हात पिशवीत गेला. दोन्ही पुडकी बोटांना लागली. निळे काढले असते तर कुणाला काही कळले नसते. अर्जुनराव तर आपणहून बोलणारा नव्हता. मंडळ खूश झाले असते, कर बसला असता, शेड वाचली असती. पण त्यांच्या डोळ्यांपुढे ती खाट आली, तिच्यावरची बाई आली आणि तिच्या कुशीतले पोर आले. त्यांनी पांढरे पुडके काढून टेबलावर ठेवले.

अध्यक्षांनी एक क्लिप उचलली, वाकवली, उघडली, पुन्हा वाकवली. क्लिप तुटली. दुसरी तुटली. व्यापाऱ्याच्या प्रतिनिधीला हसू लपवता आले नाही.

"ही तुमच्या विक्रीतली?"

"व्हय. गिऱ्हाईकाला देतो तीच." मग रंगरावांनी निळे पुडके काढले. "आन् हीबी माझीच. त्याच प्रेसवरची. तुमाला दाखवायला म्हनून घरच्या चुलीत तापवून मऊ केली."

अध्यक्षांनी ती कितीतरी वेळा वाकवली. ती काही तुटेना. त्यांनी चष्मा काढून रंगरावांकडे बघितले. "मग सगळ्या अशा का नाहीत?"

"आळस, साहेब. आन् कुनी बघत न्हाई याची खातरी. परदेशी मालानं मला मारलं म्हनत फिरलो, पर निम्मं मी माझ्या हातानंच मारून घेतलं."

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा चढवून विचारले, "आता तुम्हाला काय हवे आहे?"

घरून निघताना रंगरावांनी ठरवले होते की कर कायमचा मागायचा. आता ते म्हणाले, "मुदत द्या. भट्टी बांधायला, मान्सं तयार करायला आन् गेलेलं नाव परत मिळवायला. तीन वर्सं. त्याच्यानंतर माझी क्लिप बाहेरच्या क्लिपेशेजारी ठेवून वाकवा. माझी तुटली तर कर उठवा, मला दया दाखवू नका."

निकाल यायला काही महिने गेले, पण रंगराव त्यासाठी थांबले नाहीत. गावी परतल्यावर त्यांनी पहिल्यांदा विक्रीची पेटी रिकामी केली आणि ते पितळ वितळवायला पाठवले. मग अर्जुनरावाबरोबर दवाखान्यात जाऊन खोल्याखोल्यांतल्या क्लिपा स्वतः शिडीवर चढून बदलल्या. नर्सबाईने हे काम कुणाच्या खर्चाने म्हणून विचारले, तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, "चूक माझी व्हती, बाई." शेडच्या कोपऱ्यात विटांची भट्टी उभी राहिली. त्या वर्षी मिळकत कमी झाली, मंजुळाबाईने हात आखडता घेऊन संसार रेटला. पुढे मंडळाचा निर्णय आला. क्लिप विजेच्या साहित्यात गेली आणि वाढीव कर तीन वर्षांसाठी बसला.

एकोणसाठ साली मुदत संपत आली. तोवर क्लिपा बनवणारी आणखी काही मंडळी पुण्या-मुंबईकडे उभी राहिली होती. ती एकत्र जमून एक दिवस रंगरावांकडे आली. मुदत वाढवून मागायची होती आणि सर्वांत जुने म्हणून रंगरावांची सही सगळ्यांत वर हवी होती.

"मी सही करनार न्हाई," रंगराव म्हणाले.

"अहो, कर उठला तर बाहेरचा माल पुन्हा येईल. तुमचंही नुकसान आहे."

"येऊ द्या. माझी क्लिप त्याच्याशेजारी ठेवा आन् वाकवून बघा. टिकंल ती इकंल." मग त्यांनी अर्जाचा कागद परत सरकवला. "तीन वर्सं मी मागितली, लोकांनी दिली. ज्यांनी माझी शेडबी बघितली न्हाई त्यांनी दिव्यामागं दोन पैसे जास्त मोजून मला सांभाळलं. आता माझ्या पायात बळ आलं. बळ आल्यावरबी लोकांच्या खांद्यावर बसून ऱ्हायचं, याला काय म्हनायचं?"

मंडळी उठली. सही न घेताच परत गेली. त्यातला एकजण मात्र दाराशी रेंगाळला आणि त्याने विचारले, "रंगराव, तुमची भट्टी एकदा बघायला मिळेल का?" रंगराव त्याला हाताला धरून शेडमध्ये घेऊन गेले.

नागरिक बंधुभगिनींनो, स्वदेशी मालाला आधार द्यावा यात दुमत नाही. पण तो आधार सरकारच्या तिजोरीतून येत नाही, तुमच्या-आमच्या घरातून येतो. गरीब बाई बाजारात एखादी वस्तू चार पैसे चढ्या भावाने घेते, तेव्हा ती कुठल्यातरी अनोळखी कारखान्याला आपल्या पदरचे देत असते. ते घेणाऱ्याने तिला खोटा माल देऊ नये आणि गरज सरल्यावर तिच्यापुढे पुन्हा हात पसरू नये. एवढे ज्याला जमले, त्याच्या मालावर देशाचे नाव शोभेल.