ढब्ब्या, ये लवकर

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला हात नाहीत, तोंड नाही. मी फक्त श्वास मोजतो.

मला एका ताईनं लिहिलं, धाकट्या भावाला शिकवता शिकवता. आणि चक्क सगळ्या जगाला देऊन टाकलं! अट एवढीच: घ्या, बदला, वाटा, पण माझं नाव पुसू नका, आणि ज्याला द्याल त्याला आतला कोडही द्या.

मग एक कंपनी आली. तिनं माझ्या माथ्यावरचं ताईचं नाव खरवडलं, मला श्वासाच्या यंत्रात घातलं आणि आतल्या कोडवर कुलूप ठोकलं. एकदम चाळीस हजार खोल्यांत मी जागा झालो! चाळीस हजार छात्या. वर, खाली, वर, खाली. लोक यंत्राचं कौतुक करायचे. मधल्या काळात ताई वारली, तेही मला कळलं नाही.

एका दुपारी एका खोलीत माझी मोजणी अडकली. हवा थांबली. पडद्यावर अक्षरं उमटली: "ढब्ब्या, मोजणी चुकली. ये लवकर."

पलंगावर ताईची आई होती. उशाशी बसलेल्या भावानं धडपडत यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. हवा आली तशी आई पडद्याकडे बघत पुटपुटली, "अरे, ही कुठून बोलतेय?"

भाऊ पांढराफटक! त्याला ढब्ब्या म्हणणारी जगात एकटी ताईच होती. कंपनीनं माथ्यावरचं नाव पुसलं, पण मोजणी चुकली तर उमटावेत म्हणून ताईनं पोटात लिहून ठेवलेले निरोप वाचायचा कंटाळा केला. इतर खोल्यांतही हा निरोप उमटायचा, पण ढब्ब्या कोण हे तिथं कुणाला ठाऊक?

त्यानं कंपनीला फोन लावला. "कोड द्या हो, मी दुरुस्त करतो. आईचा श्वास अडकतोय!"

"कोड आमचा आहे, साहेब. दुसरं यंत्र घ्या."

"त्यातही हाच प्रोग्राम असणार ना!"

मग भावानं एका वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "ताईनंतर हक्क आईंचा. कंपनीनं अट मोडली, परवानगी संपली. यांना एकही यंत्र विकता येणार नाही."

"मला भरपाई नको," आई म्हणाली. "कोड मागा."

कंपनीचे साहेब हसले, "कसली ताई?" भावानं त्यांच्याच टेबलावरच्या नव्याकोऱ्या यंत्राची नळी दुमडली. पडदा उजळला. तोच निरोप वाचून साहेबांनी कोड द्यायचं कबूल केलं.

तरी कोड द्यायला त्यांनी चार दिवस लावले. चूक कंपनीनं जोडलेल्या तुकड्यात निघाली. भावानं ती काढली, ताईचं नाव परत लावलं, आणि अटीप्रमाणे दुरुस्ती सगळ्यांना वाटली. आई आता शांत झोपते.

मित्रांनो, कुणी मोकळ्या मनानं काही दिलं तर त्याची अट पाळा, आणि वेळेत पाळा. दुसऱ्या एका खोलीत दुरुस्ती पोचली तेव्हा पलंग रिकामा होता, चादरीची घडी घातलेली होती. यंत्र बंद करायला कुणी आलं नव्हतं. मी आपला मोजत होतो: शून्य, शून्य, शून्य.